व्हॅन रुसते तेव्हा

घरातले माणूस रुसले, तर त्याच्या रुसण्याचे कारण शोधायला कोणी सुतार-गवंडी बोलावीत नाही. मोटार रुसली म्हणजे मात्र ज्याला पाना कसा धरतात हेही ठाऊक नाही तो गृहस्थसुद्धा बाह्या सरसावून पुढे येतो. हे मी ऐकीव सांगत नाही. २०२३ साली खंडेनवमीपासून वसुबारसेपर्यंत आमच्या सोसायटीच्या आवारात हा प्रकार रोज चालला होता, आणि बाह्या सरसावणाऱ्यांत पहिला मी होतो.

खंडेनवमीच्या संध्याकाळी आमच्या व्हॅनला झेंडूचे तोरण बांधले होते. बॉनेट असे तिला नाहीच, म्हणून पुढच्या काचेखाली सपाट पत्र्यावर स्वस्तिक काढले होते. सौ. आरतीचे तबक घेऊन उभी, आईला खुर्ची आणून दिलेली, पेढे तयार. मिस्त्रींनी किल्ली फिरवली. सेल्फने घर्र घर्र केले, कार्ब्युरेटरमधून एक मोठ्ठा ‘फट्’ असा आवाज आला आणि तोरणातली दोन फुले खाली पडली. पुन्हा किल्ली, पुन्हा घर्र घर्र, पुन्हा ‘फट्’. रात्री आठपर्यंत हेच. आईने शेवटी बंद गाडीचीच पूजा करून घेतली, म्हणाली, “देवळातला मारुती तरी कुठे हलतो?”

ही व्हॅन वडिलांनी १९९७ साली घेतली. मारुतीची ही व्हॅन १९८४ मध्ये बाजारात आली, १९८८ मध्ये तिचे नाव ऑम्नी झाले आणि २०१९ मध्ये ती बनणे बंद झाले. म्हणजे पस्तीस वर्षे जवळजवळ त्याच पावाच्या लादीसारख्या आकारात ती रस्त्यांवर उतरत राहिली. शाळेची मुले, आजारी माणसे, केटररची पातेली, लग्नातले वऱ्हाड यांतले काय तिने वाहिले नाही? हिंदी चित्रपटांतले गुंडही नायिकेला पळवायचे तर हिच्याच सरकत्या दारातून! ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन, तेही पुढच्या आसनांच्या खाली. उन्हाळ्यात ड्रायव्हरला खालून शेक आणि वरून ऊन. आमच्या वडिलांनी शेवटचा इस्पितळाचा प्रवास याच व्हॅनमधून केला आणि डिस्चार्ज मिळाल्यावर घरीही हिच्यातूनच आले. पुढे चार दिवसांनी गेले. त्यामुळे २०१२, २०१७ आणि २०२२ अशी तीनदा पुनर्नोंदणीची वेळ आली, तेव्हा “आता काढून टाका” असे सगळे म्हणत असतानाही आम्ही ती काढली नाही.

आता काम कशाने निघाले तेही सांगतो, कारण त्यातही दोष माझाच. गणपतीहून कोकणातून परतताना ताम्हिणी घाट चढत होतो. उष्णतेचा काटा वर सरकू लागला. सौ. म्हणाली, “अहो, थांबा जरा.” मी म्हटले, “एवढा घाट चढू दे.” एवढा घाट चढेपर्यंत रबराच्या नळीतून पाणी सगळे गळून गेले होते, आणि माथ्यावर पोहोचलो तेव्हा पाठीमागून पांढरा धूर असा निघत होता की मागच्या मोटारीवाल्यांना धुके पडल्याचा भास झाला असावा. इंजिनाचे धड आणि डोके यांच्यामध्ये जो पातळ पत्रा असतो, त्याला गॅस्केट म्हणतात. एका बाजूला स्फोट, दुसऱ्या बाजूला पाणी, तिसऱ्या बाजूला तेल, आणि तिघांनी एकमेकांचे तोंड पाहायचे नाही अशी व्यवस्था ते ठेवते. डोके तापून किंचित जरी वाकले तरी ही व्यवस्था मोडते. आमच्या तेलात पाणी शिरले होते. तेलाची पट्टी काढली तर तिला दुधाळ चहासारखा फेस.

आमचे मिस्त्री हे वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांनी व्हॅन आवारातच उघडली. आसने बाजूला केली, डोके उतरवून कारखान्यात नेऊन त्याचा तळ सपाट करून आणला, वॉल्व घासून बसवले, नवे गॅस्केट, नवा टायमिंग बेल्ट, तेल दोनदा बदलले. सगळे एकहाती, त्यांच्या पोऱ्यासुद्धा त्या आठवड्यात आला नव्हता. मी मात्र रोज ऑफिसातून आल्यावर एकच विचारीत असे: “मिस्त्री, खंडेनवमीला उभी राहील ना?”

ती उभी राहिली. चालली मात्र नाही.

त्या रात्री मिस्त्रींना सोलापूरची गाडी गाठायची होती. भावाचे ऑपरेशन होते. जाताना तेवढे म्हणाले, “साहेब, काहीतरी बारीक राहिलं आहे. मी येईपर्यंत कोणाला हात लावू देऊ नका.”

हात लावू नका म्हटल्यावर हात न लावणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. दुसऱ्याच दिवशी, दसऱ्याला, सोने द्यायला आलेल्या मंडळींनी आपट्याच्या पानांबरोबर सल्लेही दिले. एकाने सांगितले बॅटरी गेली. नवी बॅटरी आली. सेल्फ पूर्वीपेक्षा जोरात फिरू लागला आणि ‘फट्’ पूर्वीपेक्षा जोरात ऐकू येऊ लागले. दुसऱ्याने सांगितले प्लग. तीन नवे प्लग आले. तिसऱ्याने कॉइल सांगितली, तीही आणली. चौथे आमचे मेव्हणे. यांनी पूर्वी पंधरा वर्षे फियाट वापरलेली. आवाज ऐकताच ते म्हणाले, “भाऊजी, यात काही नाही. प्लगच्या तारा उलट्या बसल्यात. आमच्या फियाटची एकदा अस्सेच झाले होते.” तीन तारांच्या मांडण्या होऊन होऊन सहा होतात. त्या साही मांडण्या मेव्हण्यांनी करून पाहिल्या. पहिली कोणती होती हे लिहून ठेवायचे मात्र राहिले.

दहा दिवस झाले. सामानाचा खर्च नऊ हजारांवर गेला. मिस्त्रींचा भाऊ अजून इस्पितळातच होता, म्हणून ते येईनात. आणि मनुष्याचा पैसा व सुटी दोन्ही संपत आली म्हणजे त्याला एक अपराधी लागतो. मला तो आयताच मिळाला होता. मजुरीचे राहिलेले सहा हजार मी पाठवले नाहीत. इतकेच करून थांबलो असतो तरी पुष्कळ होते; पण जिन्यात, लिफ्टमध्ये, दूधवाल्याकडे जो भेटेल त्याला मी सांगत सुटलो, “म्हातारे झाले आता मिस्त्री. चांगले इंजिन बिघडवून ठेवले.” सोसायटीतली तीन घरे त्यांच्याकडे मोटारी देत असत. तिघांनीही मान डोलावली. भंगारवाला येऊन व्हॅनला एक प्रदक्षिणा घालून गेला आणि बावीस हजार बोलला. आईने त्या दिवशी जेवताना विषय काढला नाही; पण ताक घ्यायचेही ती विसरली.

अशा वेळी तळमजल्यावरचे काका नागपूरहून लेकीकडून परत आले. हे गृहस्थ एसटीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. आले ते हातात प्लास्टिकचे स्टूल घेऊन. व्हॅनच्या उघड्या दारापाशी बसले आणि इंजिनाकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणाले, “काम व्हायच्या आधी गाडी सुरू होत होती?”

“हो. धूर टाकीत होती, पण सुरू होत होती.”

“मग बॅटरी, प्लग आणि कॉइल कशाला बदललेत? त्यांना कोणी काही केले होते का?”

मी मेव्हण्यांकडे पाहिले. मेव्हण्यांनी झेंडूच्या तोरणाकडे पाहिले.

काकांचे म्हणणे असे की, चालती गाडी उघडून जोडल्यावर चालत नसेल तर ती ‘बिघडलेली’ नसते. एरवी बिघाड कुठेही असू शकतो, इथे तो जिथे हात लागला तिथेच असतो. म्हणून बाजारात जाण्यापूर्वी कागद घ्यावा आणि काय काय सोडवले होते त्याची यादी करावी. आमच्या व्हॅनची यादी अशी निघाली: बॅटरीच्या तारा, इंजिनाची अर्थची तार, पेट्रोलच्या नळ्या, कार्ब्युरेटर, डोके, वॉल्व, बेल्ट, डिस्ट्रिब्युटर, प्लगच्या तारा. “झाले तर! चोर या नऊ जणांतच आहे. शहरभर कशाला हिंडता?”

मग त्यांनी एकेकाला बोलावून जबानी घ्यायला सुरुवात केली.

पहिल्यांदा मला किल्ली फिरवायला सांगून ते डोळे मिटून बसले. सेल्फचा आवाज ऐकणे ही कला आहे. इंजिन मंद, रडत फिरले तर विजेची तक्रार. फार भरभर, एका सुरात, हात सोडलेल्या रहाटासारखे फिरले तर आत दाबच नाही; म्हणजे बेल्टची खूण चुकलेली किंवा वॉल्व पुरते मिटत नाहीत. आमचे इंजिन दम घेत, ठेक्यात फिरत होते. “ठेका बरोबर आहे,” काका म्हणाले.

मग अर्थची तार. इंजिन रबराच्या पायांवर बसलेले असते, त्यामुळे त्याला पत्र्याशी विजेने जोडणारी एक जाड तार लागते. इंजिनाच्या कामानंतर ही तार जोडायची विसरते असे पुष्कळदा होते. मग वीज बिचारी दुसरी वाट शोधते, आणि ती वाट म्हणजे बहुधा ॲक्सिलरेटरची किंवा चोकची बारीक तार. ती तापून धुरकटते, आणि मालक समजतो की गाडीला आग लागली. आमची तार जागेवर होती, वर नटही नीट आवळलेला.

नंतर ठिणगी. काकांनी प्लग काढून, तारेत खोचून, त्याचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवले; हातात धरला नाही आणि जवळपास पेट्रोलचा थेंबही राहू दिला नाही, हे मुद्दाम सांगतो. बॅटरीच्या बारा व्होल्टांचे कॉइल हजारो व्होल्ट करते. तो झटका मागाल तर मिळेल. किल्ली फिरवताच निळी, कडक, टक् टक् वाजणारी ठिणगी पडली. पिवळी, अशक्त पडती तर गोष्ट वेगळी. रोटर नावाचा फिरता हात टोपणाखाली बसवायचा राहून जाणे हाही एक नेहमीचा अपघात. तो बाकावर पडून राहतो आणि मालक नवी कॉइल आणतो. आमचा रोटर जागेवर होता.

पेट्रोल? प्लग ओले होते, वास येत होता. उलट इतक्या दिवसांच्या खटपटीने ते जास्तच झाले होते. काकांनी प्लग पुसून वाळवायला ठेवले.

शेवटी त्यांनी घरातून दाब मोजायचे जुने घड्याळ आणले. तिन्ही प्लग बाहेर, एकेका भोकात घड्याळाची नळी. पहिला सिलिंडर १५०, दुसरा १४५, तिसरा १५०. मला त्या आकड्यांत काही कळले नाही, पण काकांचा चेहरा उजळला. “आकडा किती यापेक्षा तिघांत फरक किती हे बघायचे,” ते म्हणाले. “डोके सपाट बसले, गॅस्केट बसले, वॉल्व मिटतात, बेल्ट बरोबर आहे. सव्वीस वर्षांच्या इंजिनाला असा दाब! काय हो, म्हातारा झाला म्हणून सगळीकडे सांगत होता तो मिस्त्री हाच का?”

मी काही बोललो नाही.

आता ठिणगी आहे, पेट्रोल आहे, दाब आहे. तरी गाडी सुरू होत नाही. मग उरले काय? उरली ती वेळ.

इथे थोडे इंजिनाच्या पोटात शिरायला हवे. निकोलाउस ओट्टो या जर्मन गृहस्थाने १८७६ मध्ये चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखवले, आणि आमची व्हॅन अजून त्याच चार टप्प्यांवर चालते. पिस्टन खाली जातो, हवा-पेट्रोल आत ओढतो. वर येतो, ते दाबतो. त्या क्षणी ठिणगी. स्फोटाने पिस्टन खाली ढकलला जातो. पुन्हा वर येतो, धूर बाहेर लोटतो. ओढणे, दाबणे, पेटणे, लोटणे. या चार टप्प्यांत पिस्टन दोनदा वर येतो आणि इंजिनाचा मुख्य दांडा दोन फेरे घेतो. वॉल्व उघडणारा दांडा आणि डिस्ट्रिब्युटर मात्र तेवढ्या वेळात एकच फेरा घेतात.

आता गंमत पाहा. पिस्टन अगदी वर आला हे दाखवणारी खूण मुख्य दांड्याच्या चाकावर असते. ती खूण चार टप्प्यांत दोनदा जुळते: एकदा दाबण्याच्या शेवटी आणि एकदा लोटण्याच्या शेवटी. खूण तीच, जागा तीच. पण एका वेळी सिलिंडरात पेटायला आतुर झालेले मिश्रण असते आणि दुसऱ्या वेळी उरलासुरला धूर. सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा घड्याळात सारखेच दिसतात, तसे हे. दुसऱ्या वेळी ठिणगी पाडली तर जुन्या धुराला ती काय पेटवणार? शिवाय त्याच सुमाराला हवा आत घेणारे दार किलकिले होऊ लागलेले असते. मग जे काही पेटते ते त्या दारातून कार्ब्युरेटरमध्ये उलटे येते. तेच आमचे ‘फट्’.

पूर्वी मोटारी हँडल मारून सुरू करीत, तेव्हा ठिणगी अवेळी पडली की हँडल उलटे फिरून माणसाचे मनगट मोडत असे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंगने विजेचा सेल्फ बसवला आणि मनगटे वाचली. सेल्फला मनगट नसते. त्यामुळे आपण अवेळच्या ठिणगीवर दहा दिवस किल्ली फिरवीत बसू शकतो.

ही कोणत्या वेळेची खूण, हे ओळखायचे कसे? त्याला लागतो फक्त अंगठा. काकांनी तिन्ही प्लग बाहेरच ठेवले, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि मुलांना सांगितले, “हळू, अगदी हळू ढकला. मुंगीच्या चालीने.” चौथ्या गिअरमध्ये गाडी ढकलली की चाकांबरोबर इंजिनही फिरते. बेल्टच्या बाजूच्या पहिल्या सिलिंडराच्या भोकावर त्यांनी अंगठा दाबून धरला. एका फेऱ्यात काही नाही. पुढच्या फेऱ्यात फुस्स करून हवेने अंगठा बाहेर फेकला. “थांबा! हा दाबाचा टप्पा. आता खूण जुळेपर्यंत केसभर पुढे.” खूण जुळली. त्यांनी डिस्ट्रिब्युटरचे टोपण काढले. या क्षणी रोटरने पहिल्या सिलिंडराच्या तारेकडे पाहायला हवे होते. तो अगदी उलट दिशेला, दुसऱ्या आणि तिसऱ्या तारांच्या मधोमध, कोणाकडेच न बघता उभा होता.

“अर्धा फेरा,” काका म्हणाले. डिस्ट्रिब्युटरचा अर्धा फेरा म्हणजे इंजिनाचा एक अख्खा फेरा. सकाळचे सहा नव्हे, संध्याकाळचे.

मेव्हण्यांना तेव्हा कंठ फुटला. “म्हणजे मी म्हणत होतो ते बरोबरच! तारांचाच घोळ.”

“तुमच्या फियाटला चार सिलिंडर होते,” काका शांतपणे म्हणाले. “चारांत प्रत्येक तारेच्या बरोबर समोर दुसरी तार असते. रोटर अर्धा फेरा चुकला तर तारा समोरासमोर बदलल्या की भागते. इथे तीन तारा. समोर कोणीच नाही. यात तुम्ही सहा नव्हे, साठ वेळा तारा बदलल्यात तरी ही गाडी सुरू होणार नाही. डिस्ट्रिब्युटरच काढून फिरवून बसवायला हवा.” मग त्यांनी तारा मूळच्या एक, तीन, दोन या क्रमाने लावून दिल्या आणि स्टूल मागे सरकवले. मला वाटले आता ते डिस्ट्रिब्युटर काढतील. त्यांनी हात पुसले.

“एवढा दाब ज्याने बसवला त्याला अंगठ्याची परीक्षा ठाऊक नाही, हे मला पटत नाही. डिस्ट्रिब्युटर बसवला त्या दिवशी काय काय झाले? क्रमाने सांगा.”

मी आठवून सांगू लागलो. खंडेनवमीच्या दुपारी मिस्त्री एकटेच होते. प्लग काढलेले, गाडी चौथ्या गिअरमध्ये, थोडी थोडी ढकलून त्यांनी काहीतरी जुळवले, मागच्या चाकाला वीट लावली आणि ते डबा खायला गेले. ते आल्यावर डिस्ट्रिब्युटर बसवला.

“आणि ते जेवत असताना?”

“काही नाही.”

आमचा वॉचमन कोपऱ्यात उभा राहून सारे ऐकत होता. तो म्हणाला, “काही नाही कसं साहेब? वरच्या मजल्यावरच्या साहेबांची नवी गाडी पूजेला बाहेर काढायची होती. तुम्ही न् मी मिळून व्हॅन पुढे नाही का सरकवली? वीट मीच काढली होती.”

“किती सरकवली?” काकांनी विचारले.

वॉचमनने हाताची वीत करून दाखवली. एक, आणि वर आणखी थोडी जास्तच अर्धी.

काकांनी सौ.कडून शिवणाची टेप मागून घेतली आणि चाकाचा घेर मोजला. एकशे सत्तर सेंटिमीटरच्या आसपास भरला. चौथ्या गिअरमध्ये या व्हॅनचे चाक एकदा फिरते तेव्हा इंजिन पाचेक वेळा फिरते. एकशे सत्तरला पाचाने भागा: चौतीस. इंजिनाचा एक फेरा म्हणजे गाडीची दीड वीत चाल!

मिस्त्रींनी अंगठा लावून दाबाचा टप्पा शोधून ठेवला होता. आम्ही दीड वीत गाडी सरकवली, वीट पुन्हा लावली आणि पेढे आणायला गेलो. मिस्त्री जेवून आले, पाहतात तो खूण किंचित हललेली. हललेली दिसली म्हणून पान्याने पुन्हा जुळवली. पण आता ती जुळली ती दुसऱ्या वेळेची. अंगठा त्यांनी तासापूर्वीच लावलेला. तो पुन्हा का लावावा? गाडी मधल्या वेळात चालून आली आहे असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सांगण्यासारखे काही घडले आहे असे मला वाटलेच नव्हते.

काका स्टूल उचलून निघाले. मी म्हटले, “आता तुम्हीच फिरवून देता का? दहा मिनिटांचे काम.”

“काम त्यांचे आहे. त्यांना फोन करा.”

फोन करायला मला जेवणानंतरचे दोन तास लागले. आधी सहा हजार पाठवले, मग फोन लावला. भावाची चौकशी केली. तो घरी आला होता. मग व्हॅनचे सांगितले, दाबाचे आकडे सांगितले, वीट सांगितली, दीड वीत सांगितली. पलीकडे काही क्षण आवाज नव्हता. मला वाटले आता चिडतील. चिडले असते तर बरे झाले असते.

“साहेब, चूक माझीच,” मिस्त्री म्हणाले. “गाडी गिअरमध्ये ठेवून जेवायला बसायला नको होतं. आणि आल्यावर अंगठा परत लावायला पाहिजे होता. तुमच्या वडिलांनी असली घाई कधी केली नसती, मीही केली नसती.”

जिन्यात आणि लिफ्टमध्ये मी काय काय बोललो होतो, ते मला तेव्हा सांगता आले नाही. ते आले तेव्हा समोरासमोर सांगितले.

वसुबारसेच्या दुपारी ते आले. वॉचमनने आपणहून वीट लावली आणि कोणी गाडीला शिवू नये म्हणून दांडके घेऊन उभा राहिला. मिस्त्रींनी अंगठा लावला, खूण जुळवली, डिस्ट्रिब्युटर काढला, अर्धा फेरा फिरवून खाली सोडला आणि किंचित पुढे-मागे करून आवळला. काका स्टुलावर बसून पाहत होते. एक शब्द बोलले नाहीत. प्लग बसले. मिस्त्रींनी मला किल्लीवर बसायला सांगितले. चोक ओढला, किल्ली फिरवली, आणि दुसऱ्याच फेऱ्याला तिन्ही सिलिंडर बोलू लागले. पाठीमागून थोडी वाफ आली आणि विरली. आई वर गॅलरीत उभी होती. तिने आत जाऊन तबक आणले, पण खाली येईपर्यंत मिस्त्री इंजिनावर झाकण घालून आसने बसवायच्या मागे लागले होते.

जुनी बॅटरी, जुनी कॉइल आणि तिन्ही जुने प्लग त्यांनी तपासून पाहिले. सगळे चांगले होते. ते एका खोक्यात घालून त्यांनी व्हॅनच्या मागच्या आसनाखाली ठेवून दिले; अजून तिथेच आहेत.

त्या संध्याकाळी मी तिन्ही घरी जाऊन आलो. दोघांनी हसून ऐकून घेतले आणि दिवाळीनंतर मिस्त्रींना बोलावले. तिसऱ्यांनी वर्षभराच्या देखभालीचे पैसे आदल्याच आठवड्यात दुसऱ्या गॅरेजात भरले होते.